मॅकेनला मत द्यायचं तर त्याच्या २००२ च्या देणगी कायद्याला किती वजन द्यायचं?

पिस्काटावेकर (२७ जानेवारी २००८)

नमस्कार मंडळी, ५ फेब्रुवारीला आमच्या न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पार्टीचा उमेदवार निवडायचं मतदान आहे. सिटिझन झाल्यापासून प्रेसिडेंटच्या निवडणुकीत मत द्यायची माझी ही पहिलीच वेळ, पार्टी अजून नोंदवलेली नाही, आमच्याकडे बूथवर सांगितलं तरी चालतं. मन रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेनकडे झुकतंय, आणि त्याचं मुख्य कारण मॅकेन-फाइनगोल्ड, म्हणजे त्याने आणि सिनेटर फाइनगोल्डने आणलेला निवडणूक देणग्यांचा कायदा. १९९५ पासून ते २००२ पर्यंत स्वतःच्या पार्टीतल्या लोकांच्या शिव्या खात त्याने तो कायदा लावून धरला, शेवटी सिनेटमध्ये ६०-४० ने पास झाला तेव्हा त्यात रिपब्लिकन मतं फक्त ११ होती. असं कोण करतं हो?

पण ऑफिसमधले आमचे एक सोलापूरचे मित्र पक्के रिपब्लिकन, ते म्हणतात की तू ज्याला गुण म्हणतेस तोच त्याचा सगळ्यात मोठा अवगुण, निवडणुकीच्या तोंडावर लोकांची तोंडं बंद केली त्याने. दुसरे एक जण म्हणाले की कीटिंग प्रकरणातला डाग धुवायला केलं सगळं.

मला हा विषय का लागला तेही सांगते. गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्यांच्या घरी एका उमेदवाराचा फंडरेझर होता (नाव नको). टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा, नाव पत्ता एम्प्लॉयर ऑक्युपेशन सगळं भरायचं, २३०० च्या वर एका माणसाचा चेक चालत नाही म्हणून नवऱ्याचा वेगळा बायकोचा वेगळा. एच-वनवाल्या एका मुलाचा चेक परत दिला, ग्रीन कार्डवाल्याचा घेतला. मला ते बघून बरं वाटलं, की कुणाकडून किती घ्यायचे याला इथे काही नियम आहे आणि घरगुती कार्यक्रमातसुद्धा तो पाळला जातो. तर हा जुना कायदा बघून मॅकेनला मत देणं शहाणपणाचं आहे का? नीट माहिती असलेल्यांनी लिहा प्लीज.

ओहायोवाला

ताई, आधी कीटिंगचं. १९८७ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स कीटिंगच्या बँकेची चौकशी चालू होती आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना पाच सिनेटर भेटले, त्यात मॅकेन होता. कीटिंग आणि त्याच्या माणसांकडून मॅकेनला एकूण १ लाख १२ हजार डॉलरच्या आसपास देणग्या मिळालेल्या होत्या. बँक १९८९ ला बुडाली आणि भुर्दंड पडला सरकारला. १९९१ ला एथिक्स कमिटीने मॅकेनचं तारतम्य कमी पडलं असं म्हटलं, त्याहून जास्त काही नाही. आता डाग धुवायला म्हणा हवं तर, पण डाग धुवायला माणूस एखादं भाषण करतो, सात वर्षं कायद्याच्या मागे लागून पार्टीशी वाकडं घेत नाही. मला तरी ते खरं वाटतं.

आता कायद्याने नक्की काय केलं ते बघा, कारण अर्ध्या लोकांना हे माहीतच नसतं. आधी कंपन्या आणि युनियन राष्ट्रीय पार्टीला हवे तेवढे पैसे देऊ शकत होत्या, त्याला सॉफ्ट मनी म्हणायचे, ते बंद झालं. आणि त्याच कायद्याने वैयक्तिक देणगीची मर्यादा १००० वरून २००० केली, महागाईप्रमाणे वाढायची सोय ठेवली, तुम्ही सांगताय ते २३०० तिथून आले. म्हणजे 'देणग्या कमी केल्या' एवढंच म्हणणं अर्धवट आहे. ती वाढ करायच्या खटपटीत फ्रेड थॉम्पसन पुढे होता, तोच जो गेल्या आठवड्यात शर्यतीतून बाहेर पडला.

आणि पैसा थांबला का, तर नाही. २००४ च्या बुश-केरी निवडणुकीत ५२७ वाल्या, म्हणजे पार्टीबाहेर राहून प्रचाराला पैसा लावणाऱ्या संस्था उगवल्या, केरीच्या विरोधात स्विफ्ट बोटवाले, बुशच्या विरोधात मूव्हऑन. पार्टीच्या हातातला पैसा बाहेरच्यांच्या हातात गेला. तरीपण मी म्हणेन की सिनेटरने स्वतः कंपनीच्या मालकाला फोन करून पार्टीसाठी लाखाचा चेक मागायचा हे बंद झालं, आणि ते थोडंथोडकं नाही.

डॅलसची मावशी

तुमच्या सोलापूरच्या मित्राचं मी थोडं ऐकून घेईन. त्या कायद्यात असं आहे की प्रायमरीच्या आधी ३० दिवस आणि मुख्य निवडणुकीच्या आधी ६० दिवस रेडिओ-टीव्हीवर उमेदवाराचं नाव घेणारी जाहिरात कंपनी, युनियन किंवा कंपनी म्हणून नोंदलेली संस्था स्वतःच्या पैशाने करू शकत नाही. ऐकायला ठीक वाटतं. पण विस्कॉन्सिनमधल्या गर्भपातविरोधी संस्थेची २००४ ची रेडिओ जाहिरात घ्या. लग्न चाललंय, पास्टर विचारतो मुलीला कोण देतंय, आणि मुलीचा बाप भिंतीला ड्रायवॉल कसा लावायचा ते सांगत बसतो. मग आवाज येतो की काही वेळा उशीर लावणं बरोबर नाही, सिनेटमध्ये जजच्या नेमणुका अशाच अडकवल्यात, फाइनगोल्ड आणि कोल या सिनेटरांना कळवा. बस. कुणाला मत द्या न द्या काही नाही. पण फाइनगोल्ड त्या वर्षी उभा होता म्हणून ऑगस्टच्या मध्यापासून ही जाहिरात बंद. ज्याच्या नावाचा कायदा त्याचंच नाव घ्यायला बंदी, हे मला नाही पटत. माझे विचार त्या संस्थेच्या अगदी उलटे आहेत तरी नाही पटत. सुप्रीम कोर्टाने गेल्या जूनमध्ये ५-४ ने त्यांच्या बाजूने निकाल दिला ते बरंच झालं.

पण म्हणून मॅकेनसमोर उभ्या असलेल्या रॉम्नीकडे वळणार असाल तर जरा थांबा. आज तो या कायद्यावर तुटून पडतोय, पण १९९४ ला सिनेटसाठी केनेडीविरुद्ध उभा होता तेव्हा निवडणूक खर्चावर मर्यादा घाला म्हणत होता. मॅकेनचं मला पटत नसलं तरी तो काल एक आज एक बोललेला नाही.

सिएटल

सगळे २००२ वर बोलताय पण ताईंनी २००५-०६ बघावं असं मला वाटतं. हा कायदा २००३ च्या डिसेंबरमध्ये कोर्टात टिकला तो ५-४ ने, आणि त्या पाच जजांत सँड्रा डे ओ'कॉनर होत्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी अलिटो आले, आणि मावशी म्हणतायत तो जूनचा निकाल आला, तोही ५-४, फक्त उलटा. सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी लिहिला, अलिटो सोबत. आता सिनेटमध्ये या दोघांच्या नेमणुकीला होकार देणाऱ्यांत मॅकेन होता. आणि आत्ता प्रचारात सांगतोय की मी असेच जज नेमीन. म्हणजे एका हाताने कायदा केला आणि दुसऱ्या हाताने तो कापणारे जज बसवले, हे त्याने दुष्टपणे केलं असं मी म्हणत नाही, जज निवडताना तो बाकीच्या दहा गोष्टी बघत असेल. पण ज्या व्यक्तीला या कायद्यासाठीच मत द्यायचंय तिच्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. उमेदवाराने पूर्वी काय मांडलं ते बघाच, पण त्या गोष्टीसाठी नंतर तो काय सोडायला तयार होता ते जास्त बघा. प्रेसिडेंट काही स्वतः देणग्यांचे कायदे लिहीत बसत नाही, तो जज नेमतो आणि निवडणूक आयोगावर माणसं नेमतो. त्या आयोगात आत्ता या घटकेला सहापैकी दोनच मेंबर आहेत, कोरमसुद्धा होत नाही, आणि निवडणूक ऐन भरात.

कोथरूड

इथून वाचतोय, मध्येच बोलतो. आपल्याकडे उलटं आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा २५ लाख, पण पार्टीने सर्वसाधारण प्रचारावर किती उधळावे याला मर्यादाच नाही, आणि एका माणसाने किती द्यावे यालाही नाही. अमेरिकेत १९७६ पासून कोर्ट म्हणतंय की देण्यावर मर्यादा चालेल, खर्चावर नाही. तुमच्याकडे निदान कुणी किती दिले ते नावासकट बाहेर येतं याचा मला फार हेवा वाटतो. तेवढं जरी इथे आलं तरी किती फरक पडेल. त्यामुळे या विषयावर सात वर्षं घालवणाऱ्या माणसाला मी तरी सहज बाद करणार नाही.

पिस्काटावेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सिएटल, जजचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, काल रात्री नवऱ्याशी त्यावरून तासभर बोलणं झालं. त्याचं म्हणणं की मग मत देऊच नको. मला तसं नाही वाटत. कायदा आणल्याचं श्रेय मॅकेनला पूर्ण देते, पार्टीविरुद्ध उभं राहायला लागलेली हिंमत पण मोजते, पण प्रेसिडेंट झाल्यावर तो हा कायदा वाचवेल हे आता धरून चालत नाही. मावशी, ती ३०-६० दिवसांची अट मलाही खटकायला लागलीये, सॉफ्ट मनीची बंदी मात्र राहायलाच हवी. प्रायमरीत रिपब्लिकन म्हणून जाऊन त्यालाच मत देणार. नोव्हेंबरमध्ये समोर कोण येतं आणि जजबद्दल ते काय बोलतात ते बघून ठरवीन. फक्त एक, प्रायमरीला रिपब्लिकन सांगितलं म्हणजे नोव्हेंबरला त्यांनाच द्यायला लागतं असं काही नाही ना?

ओहायोवाला

नाही हो ताई, नोव्हेंबरला पार्टी कुठलीही नोंदवलेली असो, मत कुणालाही देता येतं.