बाहेरच्या फंडेड पीएचडीचे अर्ज: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची
आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतली एक मुलगी काल अर्ज दाखवायला आली. अमेरिकेच्या १५ डिसेंबरच्या डेडलाइन्स, एलओआर (शिफारसपत्र) देणारे एक सर फोन उचलत नाहीत, आणि आई सारखी विचारतेय, "फी घेत नाहीत, वर पगार देतात? फसवणूक नाही ना गं?" हाच प्रश्न माझ्या बाबांचा. ते नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये, त्यामुळे पैसा येतो कुठून हे कळल्याशिवाय सोडणारे नव्हेत :) मी सांगितलं, फी माफ, आणि आठवड्याला २० तास तिथल्या पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, पेपर तपासायचे, त्याचा पगार. "मग नोकरीच म्हण की," म्हणाले आणि झोपायला गेले.
लिहा तुमचेही. मिळालं नसेल तरी लिहा.

निफाडकर_बागाईतदार
फी माफ नंतर, आधी अर्जाची फी! एकेका ठिकाणी ७५-१०० डॉलर, तेही द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, घरात औषधांची उधारी चालू असताना. त्या पैशात डाऊनीचे (द्राक्षावरचा रोग) किती फवारे होतात हे अण्णा जेवताना मोजून दाखवायचे. वेव्हर, म्हणजे अर्जाची फी माफी, मागता येतो हे एका सीनियरने सांगितलं. ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला दोन ओळींची मेल टाकायची. काही ठिकाणी बाहेरच्या देशातल्यांना नाहीच म्हणतात, काही लगेच कोड पाठवतात.
माझा विषय प्लांट पॅथॉलॉजी. एसओपीत (अर्जासोबतचा 'मला हे का शिकायचंय' निबंध) लहानपणापासून विज्ञानाची आवड वगैरे होतं, ते काढून आमच्या बागेतला डाऊनी घातला. इंटरव्ह्यूत प्रोफेसरने बाकी काही विचारलंच नाही. आता अण्णा पानांचे फोटो पाठवतात, मी इकडे रात्री दोनला बघत बसतो.

अंबड_लिंक_रोड
यंदा छाटणीनंतर पाऊस झाला का हो तुमच्याकडे?

निफाडकर_बागाईतदार
झाला. घडकुज आहे. विषय काढू नका.

सिडकोची_सून
ट्रान्सक्रिप्ट!!! म्हणजे विद्यापीठाने दिलेला सगळ्या मार्कांचा अधिकृत कागद. कोणी बोललंच नाही. विद्यापीठ कुठलं ते लिहीत नाही. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, सीलबंद पाकीट कशाला, मार्कशीट आहे ना. लेक कडेवर, बस परतीची. बहुतेक ठिकाणी आधी स्कॅन चालतो, सीलबंद प्रत अॅडमिशन झाल्यावर मागतात. हे आधी वाचलं असतं तर... जाऊदे, कुकर झाला.

फळ्यासमोर
मी दुसऱ्या बाजूचा. पीएचडीला अर्ज केला, उत्तर आलं, मास्टर्सला घेतो, पैसे तुम्ही भरा. घरचे लोन काढायला तयार होते, मीच नाही म्हटलं. आता इथेच कॉलेजात शिकवतो आणि एलओआर लिहितो. पोरांनो, पत्र अपलोड करायची लिंक आदल्या रात्री पाठवू नका. त्या फॉर्मवर 'टॉप ५ टक्के, टॉप १० टक्के' असे चौकोन असतात, आणि मला तुमचा चेहरा आठवत नसतो. काय केलंत माझ्या लॅबमध्ये ते चार ओळीत लिहून द्या, पत्र मी लिहीन. आणि "तूच लिहून आण, सही करतो" म्हणणारे आमचे सीनियर... असो.

गोदाकाठची
सर, माझ्या एका सरांचा ईमेल त्यांचा मुलगा बघायचा. मुलाला कॅडबरी देऊन पत्र अपलोड झालंय :D

सातपूर_ते_जर्मनी
सगळे अमेरिकाच लिहिताय. इकडे जर्मनीत बहुतेक जागांची जाहिरात येते, नोकरीसारखी. कॉन्ट्रॅक्टवर ई१३ (सरकारी पगारश्रेणी), पुढे ६५ टक्के. पगार ६५ टक्के, काम विचारू नका. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, रजेचा भत्ता वेगळा. पण दोन्हीकडे सहसा मास्टर्स लागतं. अमेरिकेत बीई करून थेट घेतात.

पंचवटी_एक्सप्रेस
राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे, अनुसूचित जातीच्या मुलांना, पीएचडीलासुद्धा. माझा मावसभाऊ त्यावर गेला. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा.

कॉलेजरोडी
मला एका ठिकाणाहून मार्चमध्ये मेल, दोन दिवसात सांगा नाहीतर जागा जाईल. रडकुंडीला आले होते. मग कळलं, १५ एप्रिलचा एक ठराव आहे, अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी सही केलेला. फंडिंगच्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर देण्याची सक्ती नाही. यादी नेटवर आहे. त्यांचं नाव यादीत होतं! तसं नम्रपणे कळवलं, लगेच मुदत वाढली. दुसरं म्हणजे वेटलिस्ट खरी हलते ती १५ एप्रिलच्या आसपासच, तोवर आशा सोडू नका.

अंबड_लिंक_रोड
माझी एसओपी कोणी बघेल का? मेकॅनिकल आहे.

गोदाकाठची
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारनंतर बघते, घरी पाहुणे आहेत.

सिडकोची_सून
मीपण पाठवू का ताई? माझी बायोटेक, गॅप पाच वर्षांचा.

गोदाकाठची
पाठव गं. गॅपचं एका वाक्यात लिही, तीन परिच्छेद नकोत.