आयएनएस गोदावरी: लिअँडरच ताणून मोठी केली की खरंच आपलं डिझाइन?

गोदाकाठचा_नितीन

नमस्कार मंडळी, इथे नेव्हीतले आणि गोदीतले बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतोय. आम्ही नाशिकचे, त्यामुळे आयएनएस गोदावरी म्हटलं की आपलीच वाटते. सगळीकडे लिहिलेलं असतं की भारतात डिझाइन झालेली पहिली गाइडेड मिसाइल फ्रिगेट, माझगाव डॉकला बांधली, १० डिसेंबर १९८३ ला कमिशन झाली, २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त. पण परवा एका मित्राशी वाद झाला, तो म्हणतो कसलं डिझाइन न् कसलं काय, ब्रिटिशांची लिअँडर (त्यांच्या फ्रिगेटचा एक वर्ग) घेतली, थोडी लांब केली, पुढे रशियन मिसाइल ठोकली, झालं स्वदेशी! फोटो बघितले तर खरं सांगू, मलाही लिअँडरची आठवण येते. मग खरं काय? आणि ३२ वर्षांत तिनं नेमकं केलं काय, कारण युद्ध तर तिच्या वाट्याला आलंच नाही. टनेज-बिनेज विकिपीडियावर सापडतं, मला 'असं का केलं' ते हवंय.

दर्यावर्दी

तुझा मित्र अर्धा बरोबर आहे आणि जो अर्धा चुकतोय तिथेच खरी गंमत आहे.

लिअँडर आपण लायसन्सवर बांधत होतो, पहिली निलगिरी १९७२ ला आली, नंतर हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. म्हणजे माझगाव डॉकचे हात त्या हलवर (जहाजाच्या सांगाड्यावर) बसलेले होते आणि इंजिनाची घडीही बसलेली होती, दोन बॉयलर, दोन स्टीम टर्बाइन, मिळून ३०,००० हॉर्सपॉवर. आता नेव्हीला हवं काय होतं ते बघ. १९७१ मध्ये दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. एक, कराचीवर आपल्या मिसाइल बोटींनी रशियन स्टिक्स मिसाइल सोडली आणि काम झालं, पण त्या बोटी इतक्या छोट्या की त्यांना ओढत न्यावं लागलं. दुसरी वाईट, ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरनं आपली खुकरी फ्रिगेट बुडवली. मला गोदावरी म्हणजे या दोन्ही गोष्टींचं एकत्र उत्तर वाटते, स्टिक्स मोठ्या समुद्रात चालणाऱ्या जहाजावर आणि पाणबुडी शोधायला सी किंग हेलिकॉप्टर, तेही एक नाही, दोन.

दोन का, तर एक बिघडलं किंवा तेल भरायला उतरलं की पाणबुडीवाला मोकळा. दोन असली की पाळीपाळीनं पाठलाग चालू ठेवता येतो. आधीच्या लिअँडरवर छोटं अ‍ॅल्युएट असायचं, ते बिचारं टॉर्पेडो घेऊन जायचं पण पाणबुडी कुठंय ते जहाजाच्या सोनारनं (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र) सांगायचं. सी किंग स्वतः पाण्यात सोनार सोडून ऐकतं, पण ते धूड ९-१० टनांचं आहे. दोन धुडांचा हँगर, उतरायची डेक, त्यांचं तेल, त्यांचे टॉर्पेडो, पायलट आणि मेकॅनिक लोकांच्या राहायच्या जागा. हे सगळं ११३ मीटरच्या लिअँडरमध्ये मावतच नाही. म्हणून हल मोठा करावा लागला, १२६ मीटर लांब, साडेचौदा मीटर रुंद, वजन ३,८५० टनांच्या आसपास. लिअँडर ३,००० च्या खालची.

आणि इंजिन? तेच ठेवलं! नवं इंजिन म्हणजे परत कुणाच्या तरी दारात जा, परत वर्षं घालवा. आता कुणीही म्हणेल की वजन ३० टक्के वाढवलं आणि इंजिन तेच तर जहाज रांगणार. नाही रांगलं. लिअँडर २८ नॉटची, गोदावरी २७ ची.

सडेतोड

हे 'एकच नॉट गेला' सगळे सांगतात, कसं ते कुणी सांगत नाही. फुकटात काही मिळत नसतं दर्यावर्दी साहेब.

दर्यावर्दी

फुकटात नाहीच, भूमिती आहे. जहाज वेगात निघालं की नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) लाट उठते, तिच्यामागे दुसरी. जितका वेग जास्त तितकं या दोन लाटांमधलं अंतर जास्त, आणि हे अंतर जहाजाच्या आकारावर नाही, फक्त वेगावर ठरतं. हिशोब केला तर २७ नॉटला ते १२४ मीटरच्या आसपास येतं, २८ ला १३३. आता ११३ मीटरची लिअँडर २८ नॉटला पळव, दुसरी लाट तिच्या शेपटीच्याही बरीच मागे पडते, म्हणजे मागचा भाग खोलगटात बसतो आणि नाळ वर उचलली जाते, इंजिनाची निम्मी ताकद स्वतःच केलेल्या चढावर चढण्यात जाते. १२६ मीटरच्या गोदावरीला २७ नॉटला लाट जवळपास तिच्या लांबीइतकीच पडते, म्हणून तिला तो चढ तितका नडत नाही. लांब आणि सडपातळ हलला वरच्या वेगात हा फायदा असतोच. कमी वेगात मात्र पाण्याशी घासणारा पृष्ठभाग वाढला त्याचं भाडं भरावं लागतं, तिथे सूट नाही. तर नुसतं 'लांब केली' असं म्हणून चालत नाही, किती लांब केली आणि त्याच वेळी रुंदी किती ठेवली ह्यातच सगळं डिझाइन आहे. नौदलाच्या डिझाइन डायरेक्टरेटमधल्या लोकांनी हे गणित १९७० च्या दशकात कागदावर केलेलं आहे, आजच्यासारखं सॉफ्टवेअर नव्हतं हाताशी.

सडेतोड

बरं, हलचं मानलं. पण वरचं? मिसाइल रशियन, विमानं पाडायची ओसा मिसाइलही रशियन, ५७ मिमीची तोफ रशियन, वरची रडारं काही रशियन काही डच, कॉम्प्युटर इटालियन, हेलिकॉप्टर ब्रिटिश, हल ब्रिटिशांच्या वळणाचा. ह्याला स्वदेशी म्हणायचं म्हणजे चायनीज भेळेला कोल्हापुरी म्हटल्यासारखं आहे 😄 मोठेपणा नाकारत नाही, पण शब्द जपून वापरावेत.

बॉयलररूमचा_भाऊ

सडेतोड, तुमची यादी बरोबर आहे पण तुम्ही ती जेवायला बसल्यासारखी वाचताय, आम्ही ती स्वयंपाकघरातून बघितली.

मी नेव्हीत स्टोकर (बॉयलर सांभाळणारा), ह्याच वर्गातल्या गंगावर होतो. पहिली अडचण तर विजेचीच. इंग्लिश पद्धतीच्या जहाजात ४४० व्होल्ट आणि ६० सायकल (हर्ट्झ), रशियन सामान मागतं ३८० व्होल्ट ५० सायकल, शिवाय काहीला ४०० सायकल वेगळी. म्हणजे एकाच जहाजात दोन-तीन घरांची वीज, मध्ये कन्व्हर्टर, आणि एका बाजूचा बिघाड दुसऱ्या बाजूला जायला नको. त्यात रशियन माणसाला दुसऱ्यांसमोर कागद उघडायचा नाही, पाश्चात्त्य कंपनीला रशियनसमोर नाही. मग या रडारनं बघितलं ते त्या मिसाइलला कळवायचं कुणी? मध्ये बसले आपले लोक. एका मास्टवर इतक्या देशांची रडारं आणि अँटेना, एक चालू केलं की दुसऱ्याच्या पडद्यावर मुंग्या. कुठल्या अँटेनाची जागा किती फूट सरकवायची इथपासून सुरुवात. हे करून दाखवलेलं आधी कुणी नव्हतं म्हणून विचारायचं तरी कुणाला? माझ्या मते स्वदेशी असेल तर हे आहे, मिसाइलवर कुणाचा शिक्का आहे ते नाही.

आता जरा आमच्या खात्याचं. लोकांना वाटतं जहाज म्हणजे किल्ली फिरवली की निघालं. स्टीम जहाजाला थंड बॉयलरपासून तयार व्हायला कित्येक तास लागतात, म्हणून निघायचं सकाळी असलं तरी आमची माणसं आदल्या रात्रीपासून खाली. प्रेशर ५५० पीएसआय आणि वाफेचं तापमान साडेचारशे डिग्री सेल्सियस. तेवढी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही, किटलीतून येते ती पांढरी वाफ वेगळी. त्यामुळे कुठं फुसफुस ऐकू आली की हात लावायचा नाही, पुढे झाडूचा दांडा धरत जायचं, गळती असली तर दांडा सांगतो. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. आणि बर्नरला हवा कमी पडली की चिमणीतून काळा धूर, मग ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतात तिथून) लगेच फोन, की पाकिस्तानला पत्ता कळवताय का. खाली गरमीत बसून वरचा धूर बघायला एक पेरिस्कोप असायचा, तो पुसत बसणं हे एक वेगळंच काम.

गॅस टर्बाइनवाल्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. हसू देत.

माझगावची_मुलगी

भाऊ काका, छान लिहिलंत! आमच्याकडे दोन पिढ्या डॉकमध्ये, आजोबा प्लेटर (जहाजाचे पत्रे बसवणारे) होते. एक भर घालते, लोक फक्त गोदावरीचं बोलतात पण मालिका तिघींची आहे, गोदावरी, गंगा (डिसेंबर १९८५) आणि गोमती (एप्रिल १९८८). गोदावरीचं कील (तळाचा कणा) १९७८ च्या जूनमध्ये ठेवलं, मे १९८० ला पाण्यात उतरली आणि कमिशन व्हायला आणखी साडेतीन वर्षं. पोकळ हल दोन वर्षांत होतो, वेळ खातो तो आतला पसारा, आणि वर काका म्हणाले ती विजेची भानगड. गंगा आणि गोमतीला आपलं अप्सोह सोनार मिळालं, कोचीच्या एनपीओएल या संरक्षण प्रयोगशाळेत बनलेलं. म्हणजे सडेतोड काकांची यादी जहाजागणिक बदलत गेली हो.

अजून एक, ही तीन नावं नेव्हीत नवीन नव्हती. १९५० च्या दशकात ब्रिटिशांकडून घेतलेल्या तीन हंट वर्गातल्या डिस्ट्रॉयरची नावं पण गोदावरी, गोमती, गंगा हीच होती. नेव्हीत जहाज जातं, नाव परत येतं, म्हणून तर २०२५ मध्ये परत निलगिरी आली.

बंदरावरचा_वारा

नितीननं विचारलं होतं की केलं काय. युद्ध वाट्याला आलं नाही हे खरं, पण १९८८ चं मालदीव विसरू नकोस.

३ नोव्हेंबर १९८८ ला मालेमध्ये भाडोत्री लोकांनी बंड केलं, अब्दुल्ला लुतुफी नावाचा मालदीवचाच व्यापारी आणि त्याच्यासोबत श्रीलंकेतल्या प्लोट संघटनेची माणसं. आपले पॅराट्रूपर आग्र्याहून उडून रातोरात मालेजवळच्या हुलहुले विमानतळावर उतरले ते सगळ्यांना माहीत असतं. पण लुतुफी आणि त्याची टोळी प्रोग्रेस लाइट नावाचं मालवाहू जहाज पळवून, त्यात मालदीवच्या एका मंत्र्यासकट ओलीस घेऊन, श्रीलंकेच्या दिशेनं निघाली. पुढचं काम समुद्रातलं. गोदावरी आणि जुनी बेतवा (आत्ताची नाही, त्याच्या आधीची) दोघींनी त्याला गाठलं. थांबा म्हटलं, थांबत नाही. आत ओलीस, त्यामुळे स्टिक्ससारखी मिसाइल काय कामाची? ती जहाजच उडवते. म्हणजे या जहाजावर सगळ्यात मिरवायची गोष्ट त्या दिवशी निरुपयोगी. उपयोगी पडलं ते सी किंग, त्यानं प्रोग्रेस लाइटच्या पुढे डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले, बेतवाच्या तोफांनी इशारा दिला, शेवटी ६ नोव्हेंबरला ते थांबलं आणि आपले कमांडो चढले. ओलिसांपैकी काहींचा जीव गेला होता हेही सांगायला हवं. जहाज नंतर बुडालं.

दर्यावर्दींनी वर दोन हेलिकॉप्टरसाठी हल मोठा केल्याचं लिहिलंय, ते मालदीवला असं कामी आलं, पाणबुडीचा पत्ता नसताना.

त्यानंतर १९९४ च्या डिसेंबरमध्ये सोमालियातून आपली शांतिसेना परत आणताना गंगा, गोदावरी आणि टँकर शक्ती किनाऱ्यापाशी होत्या. पुढे एडनच्या आखातात चाच्यांच्या बंदोबस्तालाही गोदावरी गेली. आणि परेडचं म्हणशील, तर तीही केली, १९८६ ला न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या शताब्दीला. कमिशन होऊन तीन वर्षंही झाली नव्हती, अटलांटिक ओलांडून गेली.

गोदाकाठचा_नितीन

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मित्राला लिंक पाठवली आहे, तो अजून गप्प आहे 😂 दोन गोष्टी राहिल्या. हे डिझाइन पुढे कुठे गेलं की तिथेच संपलं? आणि तिघींपैकी एकही बघायला मिळते का कुठे? पोराला दाखवायचं आहे.

दर्यावर्दी

पुढे गेलं. १६ए प्रोजेक्ट, ब्रह्मपुत्रा, बेतवा, बियास, या कोलकात्याला गार्डन रीचमध्ये बांधल्या. हल साधारण गोदावरीचाच आणि इंजिनही वाफेचंच (भाऊंच्या खात्याचं पोट तिथेही भरलं), पण चार स्टिक्सच्या जागी सोळा उरान मिसाइल आल्या. स्टिक्सचं एकेक मिसाइल अडीच टनांच्या घरातलं, उरान त्यापुढे पोरगेलं, त्यामुळे तेवढ्याच डेकवर चौपट मावली. गंगावर तर जुनी ओसा काढून इस्रायली बराक-१ बसवली. सडेतोड साहेब, तेव्हा तुमच्या भेळेत आणखी एक देश वाढला.

पण खरं सांगायचं तर वाफेचा रस्ता तिथे संपला. ब्रह्मपुत्रा २००० ला कमिशन झाली तेव्हा जग गॅस टर्बाइनवर जाऊन खूप वर्षं झाली होती, हे मी बचाव करत असलो तरी मान्य. ८३ ला इंजिन तेच ठेवणं शहाणपणाचं होतं, २००० ला ते हट्टाचं वाटतं.

बॉयलररूमचा_भाऊ

हट्ट नाही हो, उशीर. ते जहाज कागदावर कधीचं तयार होतं, यार्डात रखडलं.

बघायचं म्हणशील तर गोदावरी नाही मिळणार. गंगा २०१८ च्या मार्चमध्ये गेली, गोमती सगळ्यात शेवटी, २८ मे २०२२ ला मुंबई डॉकयार्डात सूर्यास्ताला निशाण उतरवलं. तिचे भाग लखनौला गोमती नदीच्या काठी मांडायचं ठरलं, उत्तर प्रदेश सरकारशी तसा करारच झाला. पोराला जहाज आतून दाखवायचं असेल तर डिसेंबरात नेव्ही डेच्या आसपास मुंबईत शाळांसाठी जहाजं उघडतात त्याची चौकशी कर. आणि गेलास तर त्याला खाली इंजिन रूमपर्यंत सोडतात का विचार, बहुतेक नाही सोडत, वरची तोफ दाखवून परत पाठवतात.

सडेतोड

नितीन, कुणी नाशिकच्या बाजूनं जहाज मागितलं नाही का मग? गोमती लखनौला जाते आणि गोदावरीचं नाव ज्या नदीवरून ठेवलं ती त्र्यंबकेश्वरातून निघते, निदान तिची एखादी घंटा तरी गंगापूर रोडला असायला हवी होती.

गोदाकाठचा_नितीन

ते आमच्या नगरसेवकाला विचारतो, पण आधी कुंभमेळ्याचे रस्ते होऊ द्या.