शहादा-धडगाव-नर्मदा, २६-२७ डिसेंबर: थार टू-व्हील निघाली! आजच उत्तर द्या

बापू, अल खुवैर, मस्कत | मंगळवार, सकाळी ७.१०

मंडळी,
नर्मदेकाठच्या तंबूमुक्कामासाठी माझ्या मेव्हण्याने भाड्याने ठरवलेल्या दोन्ही थारचे फोटो काल आले. आतला फोटो मागवला तेव्हा कळलं, गिअरशेजारची दुसरी दांडीच नाही. म्हणजे फोर बाय फोर नाही, चारही चाकांना जोर मिळत नाही. २०२३ पासून कंपनी नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी थारही विकते, बाहेरून पटकन फरक कळत नाही. मेव्हणा म्हणतो, "थार म्हणजे थार." अ‍ॅडव्हान्स जाऊन बसलाय.
धुळ्याला एक गुरखा, फोर बाय फोर जीप, मिळतेय, पण ड्रायव्हरसकट आणि भाडं बरंच जास्त. आपण ११ मोठे, ६ पोरं. संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही लिहा. "बघू" लिहू नका, गेल्या वेळी "बघू"वरच दोन आठवडे गेले.

नाना | ९.४०

मी आधीच म्हणालो होतो, आतला फोटो मागवा. असो.
टू-व्हील नको. इथे ओमानात जबल अखदर डोंगरावर जाताना बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलीस फोर बाय फोर नसेल तर सरळ परत पाठवतात. ते काही हौसेने नाही. लोकांना वाटतं लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचे ते हळू पण जोरदार गिअर, चढायला लागते, खरी गरज उतरताना. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागत नाही. नुसत्या ब्रेकवर लांब घाट उतरलात की ब्रेक तापतात, पॅडल मऊ पडतं. मग अश्वत्थाम्याला हाक मारायची वेळ येते. तोही त्याच डोंगरात आहे म्हणतात.
गुरखाला दोन्ही अ‍ॅक्सलला लॉक आहेत, एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं, शिवाय स्नॉर्कल, म्हणजे इंजिनला वरून हवा देणारी नळी. कंपनी ७०० मिमी पाण्यातून जाते म्हणते, फोर बाय फोर थार ६५०. माझं मत गुरखा.

जिभाऊ | १०.०५

नाना, स्नॉर्कल कशाला भो? पाणबुडी नेताय का?
आम्ही शहाद्याहून तोरणमाळला कमांडर जीपने गेलो आहोत. आत बारा, टपावर आठ, मागे लटकलेले मोजायचे नाहीत. टपावर कोंबड्या आणि एक बोकड. ती कुठे फोर बाय फोर होती? ड्रायव्हरच्या पायात स्लिपर, दाराला दोरी. घाटात एका वळणावर गाडी थांबली तर किन्नर, म्हणजे क्लीनर, उतरला, चाकामागे दगड लावला, परत चढला. गाडी चालस ना? मंग झालं! त्या दगडाला मस्कतमध्ये दोन लाखांची अ‍ॅक्सेसरी म्हणतात.
थारच ठेवा. पैसे वाचतील ते सारंगखेड्याला घालवू. दत्तजयंती २३ ला आहे, घोडेबाजार भरलेला असेल.

अक्का | १०.५०

टपावर बसल्याचं कौतुक पुरे. यावेळी सहा पोरं आहेत, एकेकाला सीट आणि पट्टा हवा. थारमध्ये चार जण बसतात, दोन गाड्यांत आठ. उरलेले नऊ कुठे, ते कोणीच लिहिलं नाही. दगड लावणाऱ्याला टपावर पाठवा.
दुसरं: भरीत कुठल्या वांग्यांचं? बामणोदची घ्यायची असतील तर भुसावळकडून येणाऱ्या कोणाला तरी आत्ताच सांगावं लागेल. शहाद्याच्या बाजारातली कुठलीही हिरवी वांगी म्हणजे भरिताची वांगी नव्हेत. आणि भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या. गॅसवर भाजलेलं मी वाढणार नाही.

चाळीसगावकर | ११.१५

एवढा आटापिटा कशाला? पाटणादेवीला चला. डोंगर, धबधबा, अभयारण्य, साधी गाडी थेट जाते.

बापू | ११.१८

पाटणादेवी दर वर्षी सुचवता. या विषयात नको.

नाना | ११.३०

जिभाऊंसाठी फक्त. कमांडर लोड भरलेली असायची, वजन मागच्या चाकांवर, म्हणून पकड मिळायची. रिकाम्या थारची तुलना करू नका. बोकड टपावर होता की मागे, हेही महत्त्वाचं.

आबा, शहादा | दुपारी ३.००

सगळ्यांचं वाचलं. मस्कत सोडून सहा वर्षं झाली तरी यादीतून माझं नाव काढलं नाहीत, उपकार आहेत.
गाडीवर भांडताय, पण जायचं कुठे ते पाहिलंय का? बापूंनी मागे पाठवलेला फोटो, वाळूवर तंबू आणि दोन्हीकडे कडे, तो धरणाची दारं बंद व्हायच्या आधीचा. सरदार सरोवराची दारं २०१७ च्या जूनमध्ये बंद झाली, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत चढलं. ती वाळू आता पाण्याखाली आहे. डिसेंबरात पातळी बरीच वर असते, नदी नव्हे, तलावच. काठावरच्या भुशाकडे उतरलात तर रस्ता संपतो तिथे पाणी सुरू. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठ उघडा पडतो, पण तो गाळाचा. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत. तिथे गुरखाही बसेल. लॉक लावा, नाही लावा. आणि जलाशयात मगरी आहेत, काठावर तंबू नको म्हणजे नको.
त्यामुळे मुक्काम वर, गावातल्या कोणाच्या तरी शेतात, आधी विचारून. जमीन वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय तंबू आणि शेकोटी दोन्ही नाही. सकाळी खाली जाऊन होडीने घळ बघा. स्पीकर आणू नका. त्या पाण्याखाली लोकांची घरं आणि शेतं आहेत, माणसं अजून काठावरच राहतात.
घाट: तळोद्याहून चांदसैलीने जाऊ नका, दरडी येतात, वळणं वाईट. शहाद्याकडून या, उजेड असताना. डिझेल शहाद्यालाच भरा. धडगावच्या पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही.
आता थारबद्दल. फोटोत नंबरप्लेट पांढरी आहे. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देणं कायद्यात बसत नाही, काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल. टू-व्हील की फोर-व्हील हा नंतरचा प्रश्न. आणि तुमच्यातल्या किती जणांचं भारतातलं लायसन्स चालू आहे?

जिभाऊ | ३.१०

माझं २०१४ ला संपलं.

अक्का | ३.२५

आबा, नमस्कार. आधी का नाही लिहिलंत?

आबा | ३.३०

कोणी विचारलं नाही. कळण्याच्या भाकरीचं पीठ मी दळून ठेवतो, ज्वारी घरची आहे, उडीदही.

बापू | सायंकाळी ६.४५

ठरलं: गुरखा ड्रायव्हरसकट. उरलेल्यांसाठी आबांच्या ओळखीतली टॅक्सी परमिटची बोलेरो, तीही ड्रायव्हरसकट. शनिवारी पहाटे सहाला शहाद्याहून निघायचं. मुक्काम वर, काठावर नाही. तरी चार-पाच जागा कमी पडतायत, जिभाऊ, तुमच्या गाडीचं बघा.
थारवाल्याशी मेव्हणा बोलतोय. अ‍ॅडव्हान्सबद्दल तो म्हणाला, "बघू."