डिस्चार्ज चोवीस तासांत, मग टाचेचं रक्त कधी घ्यायचं?

प्रश्न (सिस्टर, उपनगरातलं प्रसूतिगृह)
नॉर्मल डिलिव्हरीच्या बायका इथे चोवीस-तीस तासांत घरी जातात. बऱ्याच जणी थेट माहेरी, रत्नागिरीला नाहीतर साताऱ्याला. बाळाचं थायरॉइड जन्मतः कमी काम करतं का हे बघायचं टाचेचं रक्त निघतानाच घ्यावं, की तिसऱ्या दिवशी परत बोलवावं? लवकर घेतलं की टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड कमी पडलं की वाढतं) २५-३० येतं आणि घरचे हादरतात. त्यात रक्ताचे थेंब वाळवून लॅबला पाठवतो ती कार्डं जुलैपासून ‘नमुना अयोग्य’ म्हणून परत येताहेत.

बालरोगतज्ज्ञ
जन्मानंतर पहिल्या अर्ध्या-एक तासात टीएसएच उसळतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरतं. म्हणून ४८ ते ७२ तास ही खरी वेळ. पण जी परत येणारच नाही, तिच्या बाळाचं रक्त २४ तास उलटल्यावर घ्याच. जन्माची आणि नमुन्याची वेळ तासासकट लिहा, कारण ४८ तासांनंतर सीमा २० आहे, २४ ते ४८ तासांत ३४. तीस तासांच्या बाळाचं २८ आलं तर घाबरायचं कारण नाही.

त्याहून मोठी चूक एककाची होते. हे आकडे सीरमचे, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेल्या पाण्याचे आहेत. कार्डावर अख्खं रक्त असतं आणि काही लॅब तोच आकडा छापतात. त्याला २.२ ने गुणायचं. कार्डावरचं १२ म्हणजे सीरममध्ये २६! ‘वीसच्या आत’ म्हणून असा रिपोर्ट फायलीत गेला, तर आजारी बाळ नजरेतून सुटलंच.

लॅब टेक्निशियन
कार्डं दमटपणामुळे परत येत असणार. आडवी ठेवून तीन-चार तास वाळवा, पावसाळ्यात जास्त. पूर्ण सुकल्याशिवाय पाकीट बंद करू नका. ऊन नको, ड्रायरही नको. टाचेच्या कडेलाच टोचा, मधोमध नाही. स्पिरिट सुकू द्या, पहिला थेंब पुसा. एक मोठा थेंब एकाच बाजूने, मागून डाग दिसेपर्यंत. टाच पिळली की ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो.

बालरोगतज्ज्ञ
रिपोर्ट ४० च्या वर असेल तर त्याच दिवशी फोन. शिरेतून टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) आणि टीएसएचसाठी रक्त काढायचं आणि त्या रिपोर्टची वाट न बघता थायरॉक्सिनची गोळी सुरू. किलोला रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या बाळाला २५ मायक्रोग्रॅमची दीड गोळी. चमचाभर आईच्या दुधात चुरून द्यायची. लोह-कॅल्शियमच्या थेंबांसोबत नाही. बाळ चौदा दिवसांचं व्हायच्या आत औषध सुरू झालंच पाहिजे, मेंदूची वाढ त्यावर आहे. सीमा ओलांडली पण ४० च्या आत असेल, तर सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा तपासा.

थायरॉइड कमी असलं तरी जन्मतः बहुतेक बाळांत काहीच दिसत नाही. खूप झोपणारं, न रडणारं बाळ घरच्यांना गुणी वाटतं. म्हणून कार्डावर आईच्या मोबाइलसोबत माहेरचाही नंबर घ्या.

सिस्टर
बाळाला आधी रक्त चढवलं असेल तर?

बालरोगतज्ज्ञ
मग तो आकडा दात्याचा. चढवण्याआधीच कार्ड भरून ठेवा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचं दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा. आणि नाळेला पोव्हिडोन-आयोडीन लावत असाल तर थांबवा. त्यातलं आयोडीन कातडीतून आत जाऊन टीएसएच वाढवतं.