कॅव्हनसाइटच्या स्फटिकरचनेची विश्वासार्ह माहिती कुठे शोधावी?

निळी भुकटी:
नमस्कार. भूशास्त्राच्या एम.एस्सी. प्रकल्पासाठी वाघोली परिसरातील कॅव्हनसाइट या खनिजाच्या भुकटीचे एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन मोजमाप) मी करून घेतले आहे. तुलनेसाठी रासायनिक सूत्र देऊन शोध घेतला, तेव्हा एकाच सूत्राच्या दोन निराळ्या रचना समोर आल्या. आमच्या महाविद्यालयाकडे कोणत्याही सशुल्क डेटाबेसचे सदस्यत्व नाही. अशा वेळी कोणत्या नोंदीवर विसंबावे?

खडकवाचक:
सूत्रावरून शोधल्यास दोन रचना येणारच, कारण कॅव्हनसाइट आणि पेंटागोनाइट ही एकाच रासायनिक सूत्राची दोन खनिजे आहेत. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये सापडलेल्या या दोन्ही खनिजांचे वर्णन 1973 साली ‘अमेरिकन मिनरलॉजिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कॅव्हनसाइटच्या एकक कोषाच्या (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याच्या) बाजू सुमारे 9.79, 13.64 आणि 9.63 अँगस्ट्रॉम आहेत, तर पेंटागोनाइटच्या सुमारे 10.30, 14.00 आणि 8.89, त्यामुळे शोध खनिजाच्या नावाने घ्यावा आणि या आकड्यांशी ताडून पाहावा. त्याच नियतकालिकाचा स्फटिकरचना-संग्रह आणि ‘क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस’ हे दोन्ही विनामूल्य आहेत. केंब्रिजचा संग्रह सेंद्रिय व धातु-सेंद्रिय संयुगांचा असल्याने तिथे वेळ घालवू नये. वाघोलीच्या बेसाल्टविषयी मात्र ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंध चाळावेत; स्थानिक तपशील तिथेच मिळण्याची शक्यता अधिक.

जुनी प्रयोगशाळा:
वरील उत्तर योग्यच आहे, पण नुसती नोंद सापडणे पुरेसे नाही. सीआयएफ फाइल (स्फटिकरचनेची माहिती असलेली फाइल) उघडून मोजमापाचे तापमान, अवकाश गट (रचनेच्या सममितीचा प्रकार) आणि मूळ शोधनिबंध पाहावा. 1973 च्या निबंधात अवकाश गट पीसीएमएन असा दिला आहे. तीच रचना पीएनएमए या प्रमाण मांडणीत लिहिली की पहिल्या व तिसऱ्या अक्षांची अदलाबदल होते. हे दोन अक्ष जवळजवळ सारख्याच लांबीचे असल्यामुळे ही चूक चटकन लक्षात येत नाही, आणि एक्सआरडी आलेखातील शिखरांना दिलेले निर्देशांक मात्र सगळे चुकतात. ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’सारख्या ठिकाणचे आकडे प्रयोगातून नव्हे, तर संगणकीय गणनेतून आलेले असतात. अशा गणनेत कोषाच्या बाजू पुष्कळदा एक-दोन टक्क्यांनी मोठ्या येतात, म्हणून खनिज ओळखण्यासाठी ते आकडे प्रमाण मानू नयेत.

निळी भुकटी:
आपणा दोघांचेही आभार. अक्षांची अदलाबदल खरोखरच झाली होती. ती दुरुस्त केल्यावर बहुतेक शिखरे जुळली. तरीही काही शिखरे थोडी मोठ्या कोनाकडे सरकलेली दिसतात. भुकटी मोजमापापूर्वी ओव्हनमध्ये वाळवली होती, त्याचा हा परिणाम असेल का?

जुनी प्रयोगशाळा:
तीच शंका प्रथम घ्यावी. कॅव्हनसाइटच्या सूत्रात पाण्याचे चार रेणू असतात आणि तापवल्यावर ते टप्प्याटप्प्याने निघून जाऊन कोष आक्रसतो. न तापवलेल्या तुकड्याची नवी भुकटी करून, ती केवळ हवेवर वाळवून, पुन्हा मोजमाप घ्यावे आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवून इथे द्यावेत.