पावसाळी ट्रेकला चंदेरी फॉइल ब्लँकेट: नक्की कसं वापरायचं?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार. मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजात शिकवते. ऑगस्टमध्ये आमच्या निसर्ग मंडळाच्या मुलांना पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर न्यायचं ठरलंय. मुक्काम गडावरच आहे. वाटाड्या गावातलाच घेणार आहोत. प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवायला मी ती चंदेरी-सोनेरी इमर्जन्सी ब्लँकेटं मागवली. घडी रुमालाएवढी आणि वजन जेमतेम 60 ग्रॅम. पाकिटावर छापलंय की अंगातली 90 टक्के उष्णता परत मिळते. ते वाचून एका मुलीचे वडील म्हणाले, मग स्लीपिंग बॅगा वाहायच्या कशाला?

जाणकारांनी सांगावं: सोनेरी बाजू आत ठेवायची की बाहेर? ओल्या कपड्यांवरून गुंडाळलं तर उपयोग होतो का? खाली अंथरायला चालतं का? आणि मुळात पावसाळ्यात सह्याद्रीत गारठून जीवावर बेतू शकतं का? की ही भीती फक्त हिमालयातली आहे?

घाटमाथा

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत. हो, बेततं. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. गडाची उंची 1400 मीटरच्या आसपास. मुंबईत 27 अंश असताना वर 18 च्या जवळपास असतं. कोरड्या अंगाला 18 अंश सुखाचे वाटतात. पण पठारावर आडवा पाऊस, कोकणकड्यावरून वर चढणारा वारा, कपडे चिंब आणि सकाळपासून पोटात फक्त पोहे, असं असेल तर हेच 18 अंश एखाद्या बारीक अंगाच्या मुलाला दोन-तीन तासांत खाली बसवतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि ओल्या कपड्यातलं पाणी वाऱ्याने उडताना आणखी उष्णता नेतं ती वेगळीच.

आता ब्लँकेट. हे नासाच्या मार्शल केंद्रात 1964 साली अंतराळयानांसाठी तयार झालं. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते आणि जाडी साधारण 12 मायक्रॉन. पाकिटावरचे 90 टक्के म्हणजे अंगातून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता, तेवढीच. अंतराळात हवा नाही, वारा नाही, चिखल नाही, त्यामुळे तिथे सगळा कारभार किरणांचाच. गडावरच्या तारामती शिखराजवळच्या पठारावर उष्णता जाते ती मुख्यतः वाऱ्याने, ओलाव्याने आणि बुडाखालच्या थंड कातळात. कातळात जाणाऱ्या उष्णतेला 12 मायक्रॉनची फिल्म अजिबात अडवत नाही. म्हणून खाली एकटं फॉइल अंथरून काहीच साधत नाही. चटई, सॅक, दोराचं वेटोळं, जे जाड असेल ते आधी खाली घाला.

मग ते बाळगायचं कशासाठी? वारा आणि पाणी दोन्ही आरपार जात नाहीत म्हणून. माझ्या मते आपल्या डोंगरांत हाच त्याचा खरा गुण आहे, चकचकीतपणा दुय्यम. त्यामुळे सोनेरी-चंदेरीची चिंता सोडा, उष्णतेच्या हिशेबात फरक नगण्य आहे. सोनेरी बाजू बाहेर ठेवली तर हिरवळीत चटकन नजरेत भरते, एवढाच फायदा.

गुंडाळायचा क्रम मात्र मुलांकडून घटवून घ्या. माणूस ओला असेल आणि कपडे बदलायला आडोसा नसेल, तर भर पावसात त्याला उघडा करू नका. ओल्या कपड्यांवरूनच फॉइल गुंडाळा म्हणजे पाणी उडणं थांबेल, आणि त्यावरून स्लीपिंग बॅग, जाकिटं, चादरी, जे कोरडं असेल ते घाला. आडोसा असेल तर आधी अंग टिपून कोरडे कपडे, मग बॅग किंवा ब्लँकेट, आणि फॉइल सर्वांत बाहेर, वाऱ्याला अडवायला. म्हणजे ओल्या माणसाला फॉइल आत, कोरड्या माणसाला बाहेर. अंगावर नुसतं फॉइल घट्ट चिकटवून काही होत नाही. मध्ये कपड्याचा नाहीतर हवेचा थर हवाच. डोकं आणि मान झाका, तोंड-नाक कायम उघडं.

गेल्या पावसाळ्यात तोलार खिंडीच्या वर दुसऱ्या एका गटातला मुलगा भेटला. रेनकोटवरून फॉइल खांद्यावर शालीसारखं घेऊन कातळावर बसला होता आणि मित्र त्याला 'जरा दम खा' म्हणत होते. वाऱ्याने फॉइलची टोकं फडफडत होती आणि आत गार वारा भरत होता. बुडाखाली वाहतं पाणी. नाव विचारलं तर अडखळत सांगितलं, रेनकोटची चेन त्याला स्वतःला लावता येईना. त्याला दोन सॅकांवर बसवला, पाय रिकाम्या सॅकमध्ये घातले, फॉइल पायांखालून घेऊन छातीवर आवळलं, वरून माझी स्लीपिंग बॅग आणि सगळ्यांच्या डोक्यावरून मोठं मेणकापड ओढून आम्ही चिकटून बसलो. गूळपाणी पाजलं, चिक्की चारली. आधी थरथर वाढली, आणि ते चांगलं लक्षण होतं. मग हळूहळू तो बोलायला लागला. अर्धा-पाऊण तास बसवूनच त्याला उठवला. गारठलेल्याला 'चाल, चालल्यावर गरम होशील' म्हणून लगेच हाकू नये. आधी पोटात साखर जाऊ द्यावी आणि थरथरीला तिचं काम करू द्यावं.

मुलांना एवढं शिकवा: जो अडखळतो, पुटपुटतो, ज्याच्या हातून वस्तू पडतात, जो उगाच चिडतो, त्याच्याकडे बघा. थरथरणारा माणूस अजून लढतोय. थरथर थांबली आणि तरी तो गारच आहे, झोप येतेय म्हणतो, तर प्रकरण गंभीर आहे. तेव्हा त्याला आडवा ठेवा, उठवू-चालवू नका आणि मदत बोलवा.

खरेदीचं म्हणाल तर सुट्या चादरीपेक्षा पिशवीच्या आकाराची घ्या, बिव्ही बॅग म्हणून मिळते. किंमत जास्त, पण वाऱ्यात चादर सांभाळायला चार हात लागतात आणि पिशवीत माणूस नुसता सरकवता येतो. स्वस्त फॉइलला काट्याने बारीकसं भोक पडलं की ते टरकन शेवटपर्यंत फाटतं. निघण्याआधी एक पाकीट घरी फोडा, आणि हात गार पाण्यात बुडवून फोडा. मुलांच्या हातात द्या. तिथे वर पहिल्यांदा फोडायची वेळ येऊ नये. आणि पाकीट सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवं.

सिस्टर_जुन्नर

घाटमाथा दादांनी थंडीचं नीट सांगितलंय. मी जखमींपुरतं लिहिते, कारण कड्यावरून किंवा घसाऱ्यावरून पडलेल्यांना आमच्याकडे आणतात तेव्हा ते हमखास गार असतात, अगदी मार्च-एप्रिलमध्येसुद्धा.

रक्तस्राव झालेला माणूस गार पडला की त्याचं रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे रक्त आणखी जातं, त्यामुळे तो आणखी गार पडतो. म्हणून आधी जखमेवर घट्ट दाब, आणि रक्त आटोक्यात आलं की लगेच अंग झाकणं. त्याला थंडी वाजतेय का, याची वाट बघू नका. स्ट्रेचर येईपर्यंत तीन-चार तास सहज जातात, तेवढा वेळ तो जमिनीवर असतो. मानेला-पाठीला मार असेल तर फॉइल खाली सरकवण्यासाठी त्याला एकट्याने उलटवू नका. चार जण मिळून, डोकं धरून, एकाच वेळी कुशीवर करा आणि तेवढ्यात चटई व फॉइल दोन्ही खाली जाऊ द्या. जखमेची पट्टी दिसत राहील असं गुंडाळा, नाहीतर चकचकीत कागदाखाली रक्त वाहतं आणि कुणाला कळत नाही.

हातपाय चोळू नका. दारू तर बिलकुल नाही. पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळता येत असेल आणि पोटाला-छातीला मार नसेल तरच गोड गरम पेय. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीवर ठेवा, थेट कातडीला नको. फार गारठलेल्या, बेशुद्ध माणसाला अलगद हाताळा. त्या अवस्थेत धसमुसळेपणाने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि नाडी लागत नाही म्हणून आशा सोडू नका. गार शरीरात नाडी फार मंद असते, ती पूर्ण एक मिनिट बघावी लागते.

उन्हाळ्यात कुणाला उष्माघात झाला तर हेच ब्लँकेट अंगाला गुंडाळलं तर घात होईल. तेव्हा ते काठ्यांवर उंच ताणून सावली करा, खालून हवा खेळू द्या, आणि माणसाला पाण्याने भिजवून वारा घाला.

रानवाटा_अकोले

मॅडम, आमच्या भागात भातलावणीला बाया-माणसं दिवसभर पावसात वाकलेली असतात. डोक्यावर इरलं, नाहीतर खताच्या गोणीची खोळ. म्हाताऱ्यांच्या अंगावर घोंगडी. ती भिजली तरी ऊब देते, कारण लोकर आहे. तुमच्या मुलांना सांगा, जीन्स आणि सुती टी-शर्ट घालून येऊ नका, ते भिजले की अंगाला चिकटून गार करतात. आणि प्रत्येकाचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, मुक्कामाला पोचेपर्यंत तो उघडायचा नाही. हे केलं तर फॉइल काढायची वेळ बहुधा येणारच नाही.

दुसरं, शेकोटीजवळ ते गुंडाळून बसू नका. प्लॅस्टिक आहे, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतं.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या पालकांना आजच कळवते की स्लीपिंग बॅग आणि चटई सक्तीची आहे. मेणकापडाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, तेही घेते. एक राहिलं: कुणी चुकलंच तर शोधणाऱ्यांना खूण म्हणून फॉइल उपयोगी पडतं का?

घाटमाथा

मोकळ्या हवेत पडतं. दिवसा ऊन परावर्तित होतं, रात्री टॉर्चच्या झोतात लांबून चमकतं. धुक्यात मात्र काही दिसत नाही, तिथे शिट्टीच. मिनिटाला 6 वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा 6. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: हल्ली शोधासाठी थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन उडवतात, आणि फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेला माणूस त्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, कारण अंगाची उष्णता फॉइल आतच अडवतं. ड्रोनचा आवाज आला तर तोंड आणि हात बाहेर काढा, हलवा.

मदत मागायची तर 112 किंवा 108, आणि वाटाड्याकडून गावातल्या दोन माणसांचे नंबर आधीच लिहून घ्या. पाचनईच्या वाटेवर रेंज मधूनमधून जाते, तेव्हा निरोप घेऊन खाली जाणारी जोडी कोणती, हे निघण्याआधीच ठरवा. आणि वापरलेलं फॉइल, फाटलेलं तुकडा न तुकडा, खाली परत आणा. केदारेश्वराच्या गुहेपाशी ओढ्यात अडकलेले चंदेरी चिंधोटे मी उचललेत, ते कुजत नाहीत.

सिस्टर_जुन्नर

मुलांमध्ये कुणाला दमा, फिट्स, मधुमेह असेल तर ते निघण्याआधी पालकांकडून लेखी घ्या. साखर कमी झालेलं मूलसुद्धा असंच थरथरतं आणि पुटपुटतं. त्याला आधी साखर द्या, गुंडाळणं नंतर.

मृण्मयी_ठाणे

घेते सिस्टर. फॉर्ममध्ये रकाना वाढवते, आणि शनिवारी कॉलेजच्या मैदानावर गार पाण्याची बादली ठेवून सगळ्यांकडून पाकिटं फोडून घेते.