कुत्र्याच्या उरलेल्या कॅप्सूल बोक्याला चालतील का?

गोडोलीकर (सातारा)

नमस्कार. आमच्या घरी साडेतीन वर्षांचा गावठी कुत्रा वाघ्या आणि सोन्या नावाचा बोका असे दोघे आहेत. यंदाच्या झडीत वाघ्याच्या पोटाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पिवळसर पुटकुळ्या उठल्या. त्या फुटून कडेने खपल्या धरलेल्या गोल चकत्या झाल्या आणि त्या जागचे केस गळाले. डॉक्टरांनी तपासून, त्वचेला जिवाणूंचा संसर्ग झाल्याचे सांगून, सेफॅलेक्सिनची ५०० मि.ग्रॅ.ची एक कॅप्सूल सकाळी व एक संध्याकाळी, अशी १४ दिवसांसाठी लिहून दिली. वाघ्याचे वजन १८ किलो आहे. कॅप्सूल नुसती दिली की तो थुंकून टाकतो, म्हणून आम्ही ती कंदी पेढ्यात दडवून देतो. मधल्या दोन संध्याकाळी ती द्यायची राहूनही गेली.

आज आठवा दिवस आहे आणि त्वचा जवळजवळ स्वच्छ झाली आहे. वडिलांचे म्हणणे असे की, बरे वाटल्यावर जनावराच्या पोटात उगाच औषध घालू नये. त्यातच तीन दिवसांपूर्वी शेजारच्या बोक्याशी भांडून आलेल्या सोन्याचा एक गाल सुजला आहे, हात लावला की तो फिस्कारतो आणि कालपासून जेवलेलाही नाही. त्याचे वजन चार किलोच्या आसपास असेल. वाघ्याच्या कॅप्सूल थांबवून त्यांतली थोडी पूड सोन्याला दिली तर चालेल का, असा विचार घरात सुरू आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी (कराड)

आपण विचारले आहे एकच, पण त्यात दोन निरनिराळे आजार आहेत. सोन्याचे आधी सांगतो, कारण त्याला वेळ नाही.

बोक्यांच्या भांडणात सुळे कातडीत खोल जातात. वरची जखम टाचणी टोचल्याएवढी असल्यामुळे ती एक-दोन दिवसांत मिटते, मात्र तोंडातले जिवाणू, विशेषतः पाश्चुरेला आणि हवेशिवाय वाढणारे काही प्रकार, आत कोंडले जातात आणि तिथे पू साठतो. दोन-तीन दिवसांनी गाल सुजणे, ताप येणे आणि खाणे सुटणे ही त्याचीच लक्षणे आहेत. पोटातून दिलेले औषध रक्तावाटे जाते, पण पुवाच्या पिशवीत रक्तवाहिन्याच नसल्याने ते आत पुरेसे पोचत नाही. म्हणून गळवाचा मुख्य उपचार म्हणजे ते उघडून, पू काढून, आतून धुणे. अँटिबायोटिक त्याच्या जोडीला येते आणि बहुधा ते अमॉक्सिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. तेव्हा त्याला आजच डॉक्टरांकडे न्यावे. ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये. ती पचवणारी यंत्रणाच मांजराच्या यकृतात तोकडी असते, आणि आपण नेहमी घेतो त्या एका गोळीने मांजर दगावू शकते.

कॅप्सूलची पूड वाटून देण्याचा बेत सोडून द्यावा. ५०० मि.ग्रॅ.च्या पुडीतून चार किलोच्या जनावरापुरता भाग नजरेने वेगळा करणे अशक्य आहे. शिवाय पूड कडू लागते आणि कडू चवीला मांजर तोंडाला फेस आणून उत्तर देते. घरच्यांना वाटते विषबाधा झाली.

आता वाघ्या. कुत्र्यांच्या त्वचेवरचा असा वरवरचा संसर्ग बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमेडियस या जिवाणूमुळे होतो. सेफॅलेक्सिन त्यासाठी जुने व विश्वासाचे औषध आहे. त्याची मात्रा दर किलो वजनाला साधारण २२ ते ३० मि.ग्रॅ., दर १२ तासांनी, अशी असते. १८ किलोला ५०० मि.ग्रॅ. म्हणजे किलोमागे जवळपास २८, अर्थात आपल्या डॉक्टरांनी ती अगदी योग्य दिली आहे. (हा हिशेब आपल्याला चिठ्ठी समजावी म्हणून मांडला, दुसऱ्या कुत्र्याला घरीच मात्रा ठरवण्यासाठी नव्हे.)

दोन संध्याकाळ चुकल्या, हे साधे वाटले तरी साधे नाही. सेफॅलेक्सिन किंवा अमॉक्सिसिलिनसारखी औषधे रक्तात किती वेळ टिकतात यावर त्यांचा परिणाम अवलंबून असतो. मूत्रपिंड ती काही तासांत बाहेर टाकते, म्हणून सकाळची मात्रा दुप्पट केली तरी संध्याकाळची उणीव भरून निघत नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिनचे गणित उलटे असते. तिथे एका वेळी रक्तात किती उंच पातळी गाठली याला महत्त्व असल्यामुळे ते बहुधा दिवसातून एकदाच देतात. चुकलेली मात्रा आठवताच द्यावी, आणि पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून नेहमीप्रमाणे पुढे जावे. दोन एकदम देऊ नयेत.

मांजरघरवाली (मिरज)

गोडोलीकर, सोन्याला औषध सुरू झाले की ते पाजायचे कसे, हा प्रश्न येईलच, म्हणून माझा अनुभव सांगते. आमच्या मनीला शिंका आणि डोळ्यांतून पाणी अशा तक्रारीसाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली होती. औषध बरोबर होते, मात्राही बरोबर होती. मी मात्र ती कोरडी गोळी घशात ढकलून तोंड मिटायची आणि कामाला लागायची. चार-पाच दिवसांनी ती गिळताना मान लांब करू लागली, लाळ गाळू लागली आणि खाल्लेले तसेच बाहेर काढू लागली. मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी बराच वेळ अडकून राहते, आणि डॉक्सिसायक्लिन तिथे विरघळले तर आतले अस्तर भाजून निघते, हे मला तेव्हा कळले. काही मांजरांची नळी व्रण भरताना आकसून कायमची अरुंद होते. आमची मनी थोडक्यात वाचली, पण महिनाभर तिला पातळ पेज भरवावी लागली.

तेव्हापासून गोळी कोणतीही असो, ती जिभेच्या मुळाशी ठेवून तोंड मिटल्यावर बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने पाच-सहा मिली पाणी अगदी हळूहळू पाजायचे, असा माझा नियम आहे. समोरून जोरात सोडले तर ठसका लागून पाणी फुप्फुसात जाण्याची भीती असते. पाणी घेतलेच नाही तर नाकाच्या शेंड्याला बोटभर लोणी लावावे. ते चाटून काढताना मांजर चार वेळा गिळतेच. क्लिंडामायसिनच्या कॅप्सूललाही हीच काळजी लागते.

आणखी एक, जरा वेगळे. तासगावला माझ्या मावसबहिणीच्या घरी बेदाण्याची पोती पडलेली असतात, आणि तिथल्या पाहुण्यांनी एकदा कुत्र्याची गोळी बेदाण्यात खोचून देण्याची युक्ती काढली होती. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे बाधेल हे कुत्र्यागणिक बदलते. आपल्या सांगली भागात हे प्रत्येक घरी माहीत असायला हवे.

औषधविक्रेता (सांगली)

मी दुकानाच्या बाजूने लिहितो. जनावरासाठी म्हणून माणसांची औषधे मागणारे गिऱ्हाईक रोज येते, आणि चिठ्ठीवर तसे लिहिलेले असेल तर देण्यात काही गैर नाही. अडचण होते ती चिठ्ठीतली गोळी न मिळाल्यास ‘जवळची’ गोळी मागण्याने.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचेच उदाहरण घ्या. बाजारात ६२५ आणि ३७५ अशा दोन गोळ्या मिळतात. ६२५ मध्ये ५०० मि.ग्रॅ. अमॉक्सिसिलिन आणि १२५ मि.ग्रॅ. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते, तर ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० असले तरी क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तितकेच, म्हणजे १२५ मि.ग्रॅ. असते. ‘अर्धी ६२५’ लिहिली असताना अख्खी ३७५ दिली तर अमॉक्सिसिलिन तेवढेच जाते, पण क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दुप्पट जाते, आणि उलट्या-जुलाब व्हायला तेच बहुधा कारण ठरते. शिवाय हा घटक ओलाव्याने फार लवकर बिघडतो. म्हणून गोळी वेष्टनातून काढून आठवड्याचे तुकडे आधीच करून डबीत ठेवू नयेत, पावसाळ्यात तर नाहीच. पातळ औषध असेल तर ते उकळून थंड केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत मिसळावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि बाटलीवर लिहिलेली मुदत संपली की उरलेले टाकून द्यावे. ही मुदत साधारण आठवडाभराचीच असते. पातळ औषधाच्या घटकांत झायलिटॉल नाही ना, हेही पाहावे. ती गोडी माणसाला निरुपद्रवी असली तरी कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक उतरवते.

वेष्टनावर उभी लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते, हे आपण जाणताच. माझे मत असे की, कोर्स नेहमी पूर्ण करावा. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनीच अपुऱ्या पेनिसिलिनने जिवाणू मरण्याऐवजी शिकून तयार होतात, असा इशारा दिला होता.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी (कराड)

औषधविक्रेते यांनी ६२५ आणि ३७५ चा फरक सांगितला ते फार बरे केले. निम्म्या चुका तिथेच होतात. फ्लेमिंग यांच्या बाबतीत मात्र किंचित दुरुस्ती सुचवतो. त्यांचा इशारा अपुऱ्या मात्रेबद्दल होता, दिवसांच्या संख्येबद्दल नव्हे. पूर्वी आम्ही त्वचेच्या संसर्गाला सरसकट तीन-चार आठवडे औषध द्यायचो आणि वर त्वचा बरी दिसल्यावर आणखी एक आठवडा जोडायचो. मूत्राशयाच्या साध्या संसर्गालाही १०-१४ दिवस द्यायची रीत होती. आता त्यासाठी तीन ते पाच दिवस पुरतात, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आतड्यांतले आणि कातडीवरचे निरपराध जिवाणू जितके दिवस औषधात बुडून राहतील तितकी त्यांच्यात प्रतिकारशक्ती येण्याची संधी वाढते. उलट गोचीडतापाला, म्हणजे एर्लिकिया कॅनिसला, डॉक्सिसायक्लिन २८ दिवसच द्यावे लागते, कुत्रा तिसऱ्या दिवशी उड्या मारू लागला तरी. म्हणजे दिवस आजारावर ठरतात. ते वडिलांनीही कमी करू नयेत आणि आपणही वाढवू नयेत.

वाघ्याचे औषध आज थांबवू नये. मात्र १४ दिवस होण्याआधी त्याला पुन्हा दाखवावे. त्वचा पूर्ण स्वच्छ असेल तर डॉक्टर तिथेच थांबवतील. नसेल तर आणखी तेच औषध गिळवत बसण्यापेक्षा त्वचेवरचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणते औषध लागू पडते ते पाहतील. सातारकरांना त्यासाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि पुटकुळ्या मुळात का आल्या, हे विचारल्यावाचून परत येऊ नये. पिसवा, ॲलर्जी किंवा सतत ओले राहणारे अंग, यांपैकी काहीतरी सहसा मागे असते. ते तसेच राहिले तर पुढच्या पावसात हाच प्रश्न आपण पुन्हा विचाराल. क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने अंघोळ घालून फेस दहा मिनिटे अंगावर ठेवला तर पुष्कळ कुत्र्यांना पुढच्या वेळी कॅप्सूलची गरजही पडत नाही.

पेढ्याबद्दल एक शब्द. सेफॅलेक्सिन अन्नाबरोबर दिलेले चालते, उलटी होत असेल तर बरेच. परंतु डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन असते तर मी पेढा नको म्हटले असते, कारण दुधातले कॅल्शियम ही औषधे बांधून ठेवते, दुसरे तर विशेषच, आणि ती कमी शोषली जातात. तेव्हा चपातीच्या गोळ्यात किंवा उकडलेल्या अंड्यात द्यावे. एन्रोफ्लॉक्सॅसिनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मांजराला त्याची मात्रा किलोला पाच मि.ग्रॅ.च्या वर गेल्यास दृष्टिपटल खराब होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते, आणि वाढत्या पिल्लांच्या सांध्यांच्या कूर्चेला ते अपाय करते. कुत्र्याची उरलेली गोळी मांजराला का देऊ नये, याला यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

गोडोलीकर (सातारा)

डॉक्टरसाहेब, ताई आणि औषधविक्रेते, आपले तिघांचे आभार. सोन्याला काल संध्याकाळीच नेले. ताप १०४ अंश फॅरनहाइट निघाला. गुंगी देऊन गळू उघडल्यावर वाटीभर नाही, पण दोन मोठे चमचे तरी पू निघाला, आणि त्या वासाने वडील खोलीबाहेर गेले. पातळ अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल सात दिवस दिले आहे. आज सकाळी त्याने स्वतःहून वाटी चाटून साफ केली. बाटलीवर आम्ही मिसळल्याची तारीख लिहिली आहे. वाघ्याच्या कॅप्सूल चालू असून, सकाळी आठ व रात्री आठ अशी वेळ भ्रमणध्वनीवर लावली आहे.

एकच शंका उरली आहे. सोन्याला जखम चाटू न देण्यासाठी गळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळे घातले आहे आणि ते असताना तो सिरिंजजवळ तोंडच आणू देत नाही. नरसाळे काढून औषध दिले तर चालेल का?

मांजरघरवाली (मिरज)

चालेल. जाड पंचात त्याला पोळीसारखा गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवा, मग नरसाळे काढा, गालाच्या बाजूने थेंबाथेंबाने औषध द्या आणि पंचा सोडण्याआधी नरसाळे परत घाला. क्रम उलटा झाला तर तो पलंगाखाली जाईल.